वारा किती आणि वारा कसा

उन्हाळ्याच्या रात्री मच्छरदाणी लावून छताच्या पंख्याखाली निजणाऱ्या माणसास एक अनुभव हटकून येतो. पंखा भरधाव फिरत असतो, भिंतीवरचे कॅलेंडर फडफडत असते, पण मच्छरदाणीच्या आत जेमतेम एखादी झुळूक पोहोचते. पंखा वारा कमी घालतो असे म्हणावे, तर जाळी बाजूला सारताच तोच वारा अंगावर येतो. हवेच्या वाटेत जाळी आली, आणि ती भेदून जाण्याइतका जोर त्या वाऱ्यात नव्हता, एवढेच काय ते घडलेले असते. याउलट लोहाराचा भाता पाहावा. त्यातून येणारी हवा परिमाणाने थोडी. परंतु ती निखाऱ्यांच्या दाट ढिगातून वाट काढते आणि तळापासून विस्तव फुलवते. खळ्यावर वारा पडला असता शेतकरी सुपाने वारा घालून धान्य उफणतो. पण लोहाराच्या भट्टीपाशी सूप घेऊन कोणी बसत नाही. वारा किती, हा एक प्रश्न आहे. आणि वारा कसा, हा दुसरा.

पाण्याने थंड होणाऱ्या संगणकासाठी पंखे निवडताना या दोन प्रश्नांची नेमकी गल्लत होते. दुकानात खोक्यावरचा मोठा आकडा पाहून पंखे घेतले जातात, ते रेडिएटरवर बसवले जातात, आणि मग यंत्र तापते तसे तापतच राहते. त्यावर उपाय म्हणून पंख्यांचा वेग वाढवावा, तर साऱ्या घराची झोप उडते. पैसे खर्च झालेले असतात, आणि दोष पाण्याला, पंपाला किंवा नशिबाला दिला जातो. वस्तुतः चूक पंखा निवडताना झालेली असते.

संगणक आणि उष्णता यांचे नाते संगणकाइतकेच जुने आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९४६ साली जगापुढे आलेल्या एनियाक या यंत्रात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या, आणि ते सुमारे दीडशे किलोवॅट वीज खात असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या भारतीय संगणकातही सुमारे २,७०० नलिका होत्या. नलिका गेल्या, अर्धवाहकांचे युग आले. तथापि उष्णता काही गेली नाही. उलट ती लहानशा जागेत एकवटली. आयबीएम कंपनीने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी खेळवले होते. पुढे २००४ साली ॲपल कंपनीने आपल्या पॉवर मॅक जी-५ या टेबलाशी ठेवण्याच्या संगणकातही द्रवाने थंड करण्याची योजना केली. आज ही योजना विद्यार्थ्याच्या खोलीत, चित्रपटाचे संकलन करणाऱ्याच्या टेबलावर आणि वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत पोहोचली आहे. इंटेल कंपनीचा २०२३ सालचा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर भर कामाच्या वेळी २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. आणि २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या चित्रप्रक्रिया कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे. ही सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. प्रोसेसरचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या घरात गेले की तो स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग उतरवतो. म्हणजे वेगवान यंत्रासाठी मोजलेले पैसे उष्णतेपायी वाया जातात.

आता पाणी येथे कोणते काम करते ते पाहू. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. ते केवळ हमालाचे काम करते. प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवलेला असतो. त्यातून वाहताना पाणी उष्णता उचलते, नळीवाटे रेडिएटरपर्यंत नेते आणि तेथे हवेच्या स्वाधीन करते. हा हमाल मोठा दमदार आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकते. प्रोसेसर ३०० वॅट उष्णता देत आहे आणि पंप मिनिटाला ४ लिटर पाणी फिरवत आहे असे धरले, तर ठोकळ्यातून जाताना पाण्याचे तापमान अवघे एक अंशाच्या आसपास वाढते. नळीच्या एका टोकाला उकळते पाणी आणि दुसऱ्या टोकाला गार पाणी असते, ही समजूत म्हणूनच खरी नव्हे. साऱ्या चक्रात पाणी जवळजवळ एकाच तापमानाचे असते.

खरी अडचण पुढच्या टप्प्यावर येते. रेडिएटरवर तीन पंखे आहेत आणि प्रत्येक पंखा जाळीतून प्रत्यक्षात ताशी ५० घनमीटर हवा पार करतो असे मानू. तिघांची मिळून ताशी १५० घनमीटर हवा झाली. एवढ्या हवेला ३०० वॅट उष्णता दिली, तर ती सुमारे ६ अंशांनी तापून बाहेर पडते. खोलीतील हवा ३० अंशांची असेल तर रेडिएटरातून निघणारी हवा ३६ अंशांची होईल. पाणी या हवेहून थोडे अधिक गरम असलेच पाहिजे, नाहीतर उष्णता हवेत उतरणारच नाही. म्हणजे पाणी ३८ ते ४० अंशांवर स्थिरावेल. हवा निम्मी झाली की तीच हवा १२ अंशांनी तापेल आणि पाणीही त्याबरोबर वर चढेल. एवंच, साखळीतला दुबळा दुवा पाण्याचा नसून हवेचा आहे. आणि हवा किती जाते हे पंख्यावर अवलंबून असते.

येथे एक भ्रम आधीच दूर केलेला बरा. घरातल्या माठातले पाणी खोलीच्या हवेपेक्षाही गार होते, मग रेडिएटरातले का होऊ नये, असे कोणास वाटेल. माठ पाझरतो, त्याच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. रेडिएटर बंदिस्त असतो. त्यातून थेंबही बाहेर पडत नाही, आणि पडूही नये. त्यामुळे जगातला सर्वोत्तम पंखा लावला तरी रेडिएटरातले पाणी खोलीच्या हवेहून गार होणार नाही. पंख्याच्या हाती एवढेच आहे की पाणी आणि हवा यांच्यातले अंतर कमी करावे.

रेडिएटरची रचना मोटारीच्या रेडिएटरसारखीच असते. पाणी वाहून नेणाऱ्या चपट्या नळ्या आणि त्यांच्या मध्ये पातळ पत्र्याच्या घड्या घालून केलेली दाट जाळी. संगणकासाठी मिळणारे रेडिएटर बहुधा १२० किंवा १४० मिलिमीटरच्या पंख्यांच्या मापाने बनवलेले असतात. २४० मिलिमीटर म्हणजे १२० चे दोन पंखे, ३६० म्हणजे तीन. जाडी २७–३० मिलिमीटरपासून ६० पर्यंत किंवा त्याहूनही अधिक असते. पत्र्याच्या घड्या कोठे विरळ तर कोठे दाट असतात. एका इंचात आठ-दहा घड्या असलेली जाळी विरळ, आणि वीस किंवा त्याहून अधिक असलेली दाट समजावी. घड्या जितक्या दाट, तितका हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग अधिक; पण तितकाच हवेच्या वाटेत अडथळाही अधिक. मच्छरदाणीचे कापड जितके घट्ट विणीचे, तितका वारा कमी, त्यातलाच हा प्रकार.

या अडथळ्यावर मात करण्याच्या पंख्याच्या सामर्थ्यास स्थैतिक दाब म्हणतात. तो पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत मोजतात. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची काचेची नळी घेऊन तिच्यात पाणी भरावे आणि एका तोंडाशी पंख्याचा दाब लावावा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितक्या मिलिमीटरांचा फरक पडेल, तितका तो दाब. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर पाण्याला तोलून धरतो, तर संगणकाच्या चांगल्या पंख्याचा दाब असतो दोन-अडीच मिलिमीटर. म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे चार हजारावा भाग. एवढ्याशा शिदोरीवर हवेला जाळीतून पार जायचे असते. म्हणूनच येथे अर्ध्या मिलिमीटरलाही मोल आहे.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. त्यांवर दोन आकडे प्रमुख असतात. एक हवेच्या प्रवाहाचा, आणि दुसरा दाबाचा. प्रवाह कधी ताशी घनमीटरांत, कधी मिनिटास घनफुटांत दिलेला असतो. मिनिटास एक घनफूट म्हणजे ताशी १.७ घनमीटर. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की प्रवाहाचा आकडा पंख्यापुढे कोणताही अडथळा नसताना मोजलेला असतो, आणि दाबाचा आकडा हवेची वाट पूर्णपणे बंद करून मोजलेला असतो. एका टोकाला दाब शून्य, दुसऱ्या टोकाला प्रवाह शून्य. प्रत्यक्षात रेडिएटरवरचा पंखा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी काम करतो. अडथळा वाढला की प्रवाह घटतो. आणि दाबात दुबळा असलेला पंखा त्या उतरणीवरून झपाट्याने खाली येतो.

एकाच कंपनीच्या दोन पंख्यांचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीचे एनएफ-एस१२ए आणि एनएफ-एफ१२ हे दोन्ही पंखे १२० मिलिमीटरचे, दोन्ही २५ मिलिमीटर जाडीचे. पहिला मिनिटास १,२०० फेऱ्या घेतो; कंपनीने त्याचा प्रवाह ताशी १०७.५ घनमीटर आणि दाब १.१९ मिलिमीटर दिला आहे. दुसरा १,५०० फेऱ्या घेतो. त्याचा प्रवाह ९३.४ घनमीटर आणि दाब २.६१ मिलिमीटर. केवळ प्रवाहाचा आकडा पाहणारा गिऱ्हाईक पहिला पंखा उचलील. तो कमी वेगाने फिरूनही अधिक हवा देतो, मग दुसरा का घ्यावा? पण पहिला पंखा सुपाच्या जातीचा आहे. संगणकाच्या पेटीत मोकळी हवा खेळवण्यासाठी तो उत्तम. दुसरा भात्याच्या जातीचा; रेडिएटरच्या जाळीपाशी त्याचेच काम. सुपाला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याला भट्टीपाशी बसवले ही चूक.

यावर चिकित्सक श्रोता विचारील की दुसऱ्या पंख्याचा दाब केवळ त्याच्या वेगामुळे तर अधिक नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पंख्यांच्या गणितात सापडते. पंख्याचा प्रवाह त्याच्या वेगाच्या प्रमाणात बदलतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. दुसरा पंखा १,५०० ऐवजी १,२०० फेऱ्यांवर चालवला, तर त्याचा दाब २.६१ वरून सुमारे १.६७ वर येईल. पहिल्याचा १.१९ होता. म्हणजे वेग सारखा केल्यावरही दुसरा सुमारे चाळीस टक्क्यांनी सरस ठरतो. हा फरक वेगाचा नसून घडणीचा आहे.

हेच गणित गिऱ्हाइकास आणखी एका फसगतीपासून वाचवते. मिनिटाला ३,००० फेऱ्या घेणाऱ्या पंख्याच्या खोक्यावर दाबाचा आकडा डोळे दिपवणारा असतो. पण त्या वेगाचा पंखा घरात कोणी सहन करीत नाही. तो हजार फेऱ्यांवर आणला जातो. वेग तिसरा हिस्सा झाला की दाब नववा हिस्सा उरतो. सबब, दाबाचा आकडा किती हे पाहताना तो कोणत्या वेगाचा हेही विचारावे, आणि ज्या वेगावर पंखा रोज चालवायचा त्या वेगावर तो आकडा उतरवून मगच तुलना करावी.

दाब देणारा पंखा ओळखण्याच्या काही खुणा आहेत. त्याची पाती रुंद असतात आणि त्यांच्या मध्ये फटी थोड्या असतात, कारण अडवली गेलेली हवा त्या फटींतून मागे फिरू पाहते. दुसरी फट पात्याचे टोक आणि चौकट यांच्यामधली. तीही जितकी लहान तितके बरे. याच कंपनीने २०१८ साली आणलेल्या एनएफ-ए१२एक्स२५ या पंख्यात ती अर्ध्या मिलिमीटरवर आणली. हे बोलायला सोपे आहे. पण फिरत्या पात्याचे प्लास्टिक उष्णतेने आणि वेगाने किंचित ताणले जाते आणि चौकटीला घासू लागते. न ताणणारे साहित्य वापरावे लागल्यामुळे असे पंखे महाग पडतात. तिसरी खूण जाडीची. १५ मिलिमीटरचे चपटे पंखे अडचणीच्या जागेत उपयोगी पडतात, परंतु त्यांच्याकडून जाड पंख्याइतक्या दाबाची अपेक्षा ठेवू नये.

रेडिएटर विरळ जाळीचा आणि कमी जाडीचा असेल, तर मध्यम दाबाचा पंखा हळू वेगावरही काम भागवतो. जाळी दाट आणि जाड असेल, तर दाबाला पर्याय नाही. अशा वेळी रेडिएटरच्या दोन्ही अंगांना पंखे लावण्याची पद्धत आहे. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. येथे अनेकांची समजूत अशी की पंखे दुप्पट म्हणजे हवा दुप्पट. पंखे शेजारी शेजारी लावले तर प्रवाहाची बेरीज होते. एकामागे एक लावले तर दाबाची. जाड व दाट रेडिएटरला दाबाची वाण असते, म्हणून तेथे या जोडीचा लाभ दिसतो. पातळ, विरळ रेडिएटरवर तोच खर्च बव्हंशी व्यर्थ जातो. त्यापेक्षा मोठा रेडिएटर घेऊन त्यावर शेजारी आणखी एक पंखा बसवणे शहाणपणाचे.

निवडीचा दुसरा अर्धा भाग आवाजाचा आहे, आणि तो गौण मानू नये. आपल्याकडील शहरांत एका-दोन खोल्यांचे संसार पुष्कळ. मुलगा रात्री चलच्चित्राचे काम यंत्रावर लावून ठेवतो, आणि त्याच खोलीत आजारी आजी किंवा पहाटे पाळीवर जाणारा बाप निजलेला असतो. अशा घरी पंख्याचा आवाज ही चैनीची नव्हे, सहजीवनाची बाब ठरते. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबलची घट कानाला साधारणपणे निम्म्या आवाजासारखी वाटते. याउलट एकाच्या जागी तसेच तीन पंखे लावले, तर भर पडते ती सुमारे ५ डेसिबलची. याचा अर्थ सरळ आहे. एक पंखा पळवण्यापेक्षा तीन पंखे सावकाश चालवावेत. लहान रेडिएटरपेक्षा मोठा रेडिएटर घ्यावा. मोठा रेडिएटर म्हणजे शांततेची खरेदी होय.

आवाज केवळ किती हे पाहून भागत नाही. तो कसा हेही पाहावे लागते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,५०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला १७५ वेळा पाते एका जागेवरून जाते आणि त्या कंपनसंख्येचा गुणगुणाट उमटतो. शेजारचा पंखा किंचित कमी वेगाने फिरत असेल, तर दोन्ही स्वर मिसळून आवाज लाटेसारखा वरखाली होऊ लागतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असताना जशी लहर ऐकू येते, तशीच ही. सुरेल जुळणीच्या वेळी गवयाला ती मदत करते. निजणाऱ्याला मात्र छळते. वेगाची मर्यादा थोडी बदलून पाहिली की हा त्रास बहुधा कमी होतो. शिवाय हवा जेथून पंख्यात शिरते त्या अंगाला, पात्यांच्या अगदी जवळ पट्टी किंवा जाळी असेल, तर आवाज वाढतो. म्हणून त्या अंगाला थोडी मोकळी जागा सोडावी.

वेग कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचा, हाही विचार हवा. तीन तारांच्या पंख्याचा वेग विजेचा दाब कमी-अधिक करून बदलतात. चार तारांच्या पंख्याला चौथ्या तारेवाटे वेगाची सूचना मिळते आणि तो अधिक मंद वेगावरही स्थिर राहू शकतो. रेडिएटरसाठी चार तारांचाच घ्यावा. पुष्कळ ठिकाणी वेग प्रोसेसरच्या तापमानाशी जोडलेला असतो. प्रोसेसरचे तापमान क्षणात वीस अंश चढते आणि क्षणात उतरते. त्याबरोबर पंखेही उसासे टाकू लागतात. पाणी मात्र धीराचे असते. एक लिटर पाण्याला ३०० वॅटने तापवले आणि उष्णता मुळीच बाहेर पडू दिली नाही, तरी ते एक अंश चढायला सुमारे १४ सेकंद घेते. रेडिएटरच्या पंख्यांना खरी गरज पाण्याच्या तापमानाप्रमाणे वागण्याची आहे. चक्रात एक साधा तापमापक बसवून त्याच्याशी वेग जोडला, की पंखे हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात आणि कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. मदरबोर्डाच्या एकाच जोडणीवर अनेक पंखे लावताना त्या सर्वांना लागणाऱ्या प्रवाहाची बेरीज करावी. एका जोडणीची मर्यादा पुष्कळदा एक अँपिअर असते.

आता देशाच्या हवामानाचा विचार. परदेशी कोष्टके बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेल्या चाचण्यांवर आधारलेली असतात. मे महिन्यात नागपूर, जयपूर किंवा दिल्ली येथे बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, वरच्या मजल्यावरची बंद खोली ४० अंशांवर सहज जाते. खोली जितके अंश चढते, जवळजवळ तितकेच अंश पाणीही चढते. चाळीस अंशांच्या खोलीत पाणी पन्नासाच्या घरात जाईल. पुष्कळ पंपांसाठी पाण्याची मर्यादा ६० अंशांची सांगितलेली असते. तेव्हा फारशी सवड उरत नाही. अशा ठिकाणी पंख्याच्या निवडीत थोडी सढळ दृष्टी ठेवावी. तथापि वेग वाढवण्याचा लाभ उत्तरोत्तर घटत जातो, हेही विसरू नये. पाणी आणि हवा यांच्यातले अंतर दहा अंशांवरून सात अंशांवर आणणे शक्य आहे. सातावरून चारावर आणायला आवाज आणि खर्च दोन्ही फार वाढतात. खिडकी उघडून किंवा कूलर लावून खोलीच तीन अंशांनी उतरवली, तर तेच फळ बिनआवाजी मिळते.

रेडिएटरला कोणती हवा मिळते यालाही महत्त्व आहे. तो पेटीच्या पुढच्या बाजूस बसवून बाहेरची हवा आत घेतली, तर त्याला खोलीतली ताजी हवा मिळते. पण पेटीतल्या इतर भागांना त्याची तापलेली हवा सोसावी लागते. तो छताला बसवून हवा बाहेर टाकली, तर इतर भाग सुखी राहतात. पण रेडिएटरला चित्रप्रक्रिया कार्डाने तापवलेली हवा मिळते. प्रोसेसरची काळजी अधिक असेल तर पहिली मांडणी, कार्ड हवेने थंड होणारे आणि भारी असेल तर दुसरी, हा ढोबळ निवाडा. छताला पंखे आडवे पडतात. अशा वेळी साध्या बुशीवर फिरणारे पंखे लवकर खडखडू लागतात. द्रवाच्या पातळ थरावर फिरणाऱ्या किंवा छऱ्यांच्या बेअरिंगचे पंखे तेथे टिकतात.

आपल्याकडे धूळ हा पंख्याचा खरा वैरी. गादीचा कापूस, रस्त्याची माती, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ हे सारे जाळीत जमते आणि विरळ जाळीची दाट जाळी करून टाकते. नव्या रेडिएटरवर पुरेसा ठरलेला पंखा सहा महिन्यांनी अपुरा पडू लागतो, त्याचे कारण बहुधा हेच. धूळ अडवणारी गाळणी लावल्यास तिचाही अडथळा हिशेबात धरावा. पंखा जाळीच्या पलीकडे, हवा ओढणारा असा बसवला, तर धूळ जाळीच्या उघड्या अंगावर जमते आणि मऊ ब्रशाने झाडता येते. पंखा ढकलणारा असेल तर ती पंखा आणि जाळी यांच्या सांदीत बसते आणि साफसफाईसाठी पंखे उतरवावे लागतात. थंडाव्याच्या दृष्टीने दोन्ही मांडण्यांत फारसे अंतर नाही. सोय पाहून निवड करावी.

पंख्याची चौकट रेडिएटरवर सर्व बाजूंनी टेकलेली असावी. कोपऱ्यांत फट राहिली, तर कष्टाने मिळवलेला दाब तेथून निसटतो; रबराची पातळ पट्टी लावली की काम भागते. शेवटची सूचना स्क्रूची आहे. ते रेडिएटरबरोबर आलेले, योग्य लांबीचेच असावेत. लांब स्क्रू आत जाऊन पाण्याच्या नळीला भोक पाडतो, आणि मग थंड करण्यासाठी आणलेले पाणीच यंत्राच्या जिवावर उठते. जाड पंख्यांचे स्क्रू चपट्या पंख्यांना वापरणे हे अशा अपघाताचे हमखास निमंत्रण होय.

निवडीचा क्रम यावरून आपोआप ठरतो. आधी खोली आणि तिचे तापमान पाहावे. मग यंत्र किती वॅट उष्णता देणार ते. मग जागेत मावेल तेवढा मोठा रेडिएटर आणि त्याची जाळी किती दाट ते. आणि मगच पंखा. पंखा घेताना प्रवाहाच्या आकड्यावर न भुलता, ज्या वेगावर घरची माणसे त्याला सहन करतील त्या वेगावर तो किती दाब देतो, एवढे विचारावे. दुकानदारास याचे उत्तर ठाऊक नसले, तरी खोक्यावरचे दोन आकडे आणि वेगाच्या वर्गाचे साधे गणित ते सांगू शकते.

मच्छरदाणीत निजणारा माणूस झुळूक हवी असेल तर छताचा पंखा वाढवीत नाही. तो टेबलावरचा पंखा जाळीजवळ आणून ठेवतो. वाटेत जाळी आहे, आणि ती भेदणारा वारा हवा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाच्या पेटीत जाळी झाकलेली असते, म्हणून तिचा विसर पडतो. तिची आठवण ठेवून पंखा घेतला, तर यंत्र आपल्या पूर्ण वेगाने काम करील, आणि त्याच खोलीत निजलेल्यांची झोपही मोडणार नाही.